आरकेओ : धनी न मानवलेला स्टुडिओ

चित्रपट काढायचे म्हणून लोक कंपनी काढतात. आरकेओ मात्र काढली गेली ती यंत्र खपवण्यासाठी. १९२७ च्या ऑक्टोबरात वॉर्नर बंधूंचा ‘द जॅझ सिंगर’ लागला आणि मूकपटाचे दिवस भरले हे हॉलिवूडने ओळखलं. आता प्रश्न एवढाच होता की आवाजाचं तंत्र कुणाकडून घ्यायचं. मे १९२८ मध्ये पॅरामाउंट, एमजीएम वगैरे बड्या कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकशी करार करून टाकले. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका म्हणजे आरसीए हात चोळत बसली. तिच्याकडे ‘फोटोफोन’ नावाची, चित्रांच्या कडेलाच ध्वनिपट्टी छापणारी उत्तम पद्धत तयार होती, पण घ्यायला मोठं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. आरसीएचा कर्ताधर्ता डेव्हिड सार्नॉफ याने मग घरचंच गिऱ्हाईक उभं करायचं ठरवलं.

त्यासाठी चित्रपट काढणारा स्टुडिओ हवा होता आणि ते दाखवायला थिएटरं हवी होती. स्टुडिओ मिळाला जोसेफ केनेडीकडून. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडीचा हा बाप. त्याच्या एफबीओ या कंपनीत स्वस्तातले काउबॉयपट निघत. थिएटरं मिळाली कीथ-अल्बी-ऑर्फियम या साखळीकडून, जिथे तोवर नाचगाणी, नकला आणि कसरतींचे ‘व्हॉडव्हिल’ खेळ चालत. ऑक्टोबर १९२८ मध्ये सगळ्यांची मोट बांधून ‘रेडिओ-कीथ-ऑर्फियम’ तयार झाली. आद्याक्षरं घेऊन आरकेओ. केनेडी नफा खिशात घालून बाजूला झाला. पृथ्वीच्या गोलावर उभा रेडिओचा मनोरा, त्यातून सुटणाऱ्या विजा आणि मोर्सची टिकटिक ही कंपनीची निशाणी ठरली. चित्रपट कंपनीच्या निशाणीत चित्रपटाचा मागमूस नाही, आणि त्या वेळी कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही.

एमजीएमवर लुई मेयरची पंचवीसेक वर्षं हुकमत होती, कोलंबियात हॅरी कोनचा शब्द अखेरचा, वॉर्नरमध्ये भाऊच मालक. एमजीएमचा चित्रपट दहा मिनिटं पाहिला तरी कुठल्या घरचा ते कळे. आरकेओला असा धनी कधी लाभला नाही. भागभांडवल रेडिओ कंपनीचं, मग गुंतवणूकदारांचं. अध्यक्ष न्यूयॉर्कमध्ये आणि काम हॉलिवूडमध्ये. निर्मितीप्रमुख दोन-तीन वर्षांत बदलायचा. १९४१ मध्ये तर हॉलिवूडच्या सेन्सॉर संहितेचा मुख्य अंमलदार जोसेफ ब्रीन यालाच त्या खुर्चीत बसवलं गेलं. ज्याने वर्षानुवर्षं इतरांच्या पटकथांतले प्रसंग कापले, त्याला आता प्रसंग सुचवायचे होते. फार दिवस टिकला नाही. इतिहासकार या धरसोडीला आरकेओचं दुर्दैव म्हणतात, आणि हिशेबाच्या वह्या पाहिल्या तर ते खरंही आहे. मला मात्र उलटं वाटतं. वरच्या माणसांचं लक्ष नसल्यामुळेच इथे काही माणसांना असे चित्रपट करता आले, जे मेयरच्या राज्यात पहिल्याच बैठकीत मेले असते.

सुरुवात झोकात झाली. ‘रिओ रीटा’ (१९२९) या संगीतपटाने गल्ला भरला. ‘सिमरॉन’ला (१९३१) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, पण खर्च चौदा लाख डॉलरच्या घरात गेल्यामुळे कंपनीला त्यात खोटच आली. तेवढ्यात पाथे कंपनी आणि तिचा कल्व्हर सिटीतला स्टुडिओ विकत घेऊन बोजा वाढवला, आणि मंदी दारात येऊन उभी राहिली. १९३१ च्या अखेरीस निर्मितीची सूत्रं एकोणतीस वर्षांच्या डेव्हिड सेल्झनिककडे आली. त्याने दीड वर्षाच्या आतच जॉर्ज कुकरला दिग्दर्शक म्हणून आणलं, कॅथरीन हेपबर्न नावाच्या नाटकातल्या मुलीला पहिली भूमिका दिली आणि मेरियन कूपरला नोकरीवर घेतलं. १९३३ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या साहेबांशी खटका उडून सेल्झनिक निघून गेला. त्याच सुमारास, जानेवारीत, कंपनी कर्जापायी न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात गेली होती. तिथून ती सुटली ती थेट १९४० मध्ये. आरकेओचे जे चित्रपट आज नावाजले जातात त्यांतले कितीतरी या सात वर्षांतले आहेत.

कूपर पहिल्या महायुद्धात वैमानिक होता. अर्नेस्ट शूडसॅकच्या जोडीने त्याने इराणमधल्या भटक्या जमातींवर आणि सयामच्या जंगलात माहितीपट केले होते. सेल्झनिकने त्याला आणलं ते कुठला खर्च छाटता येईल ते पाहायला. छाटायच्या यादीत विलिस ओब्रायनचा ‘क्रिएशन’ हा डायनोसॉरांचा चित्रपट होता. कूपरने तो बंद पाडला, पण ओब्रायनला ठेवून घेतलं, कारण आपल्या डोक्यातला राक्षसी गोरिला पडद्यावर आणण्याची युक्ती त्याच्या हातात आहे हे त्याला दिसलं.

ती युक्ती म्हणजे सुमारे दीड फुटाच्या बाहुल्या. आत सांध्यांसह धातूचा सांगाडा, वर रबर आणि सशाची फर. बाहुली केसभर हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशा चोवीस चौकटी लागत. दर वेळी बोटं लागून फर विस्कटे आणि पडद्यावर ती सतत थरथरताना दिसे. तंत्राच्या दृष्टीने हा दोष होता. पाहणाऱ्यांना वाटलं, प्राणी रागाने अंग फुलवतोय. नुसतं डोकं आणि खांदे मात्र पूर्ण आकाराचे बनवले होते, तसाच नायिका फे रे हिला धरायचा एक भला मोठा पंजा. गर्जनेसाठी ध्वनिविभागाच्या मरे स्पिव्हॅकने सिंह-वाघांचे आवाज टिपले, उलटे फिरवले आणि मंद केले.

पैसा नव्हताच, त्यामुळे काटकसर जागोजागी दिसते. जंगलाचा सेट ‘द मोस्ट डेंजरस गेम’ या दुसऱ्या चित्रपटाशी वाटून घेतला. फे रे आणि रॉबर्ट आर्मस्ट्राँग हे कलाकारही दोन्हींकडे तेच. बेटावरची ती अवाढव्य भिंत सेसिल डिमिलच्या ‘द किंग ऑफ किंग्ज’ या मूकपटातली. कल्व्हर सिटीच्या आवारात ती पडून होती, तिलाच नवं रूप दिलं. पुढे ती जागा भाड्याने घेऊन सेल्झनिक ‘गॉन विथ द विंड’ काढत होता, तेव्हा डिसेंबर १९३८ मध्ये अटलांटा शहर जळण्याचा प्रसंग घ्यायला तीच भिंत पेटवून दिली. संगीतात मात्र कूपरने हात आखडला नाही. जुन्या धुनांवर भागवा, असं वरून सांगणं होतं, पण त्याने मॅक्स स्टायनरकडून सगळं संगीत नव्याने लिहवून घेतलं. बोलपटात पार्श्वसंगीताने प्रसंग कसा पेलायचा याचा पाठ म्हणून ते अजून अभ्यासलं जातं.

‘किंग काँग’ला सुमारे पावणेसात लाख डॉलर लागले. २ मार्च १९३३ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो रेडिओ सिटी म्युझिक हॉल आणि शेजारचं आरकेओ रॉक्सी अशा दोन थिएटरांत एकदम लागला. दोन्ही मिळून जवळजवळ दहा हजार खुर्च्या. चार दिवसांनी नवे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशभरातल्या बँकांना टाळं लावलं. लोकांना स्वतःच्या खात्यातले पैसे काढता येईनात आणि तरीही रांगा हटल्या नाहीत.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘फ्लाइंग डाउन टू रिओ’ आला. त्यात फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स दुय्यम भूमिकांत होते. एका नाचात कपाळाला कपाळ लावून ते दोघं थोडा वेळ थिरकले आणि मुख्य जोडी लोक विसरून गेले. १९३९ पर्यंत आरकेओने या दोघांना घेऊन नऊ चित्रपट काढले. कथा सांगण्यासारख्या नाहीतच. गैरसमज, हॉटेल, जहाज, पुन्हा गैरसमज. पण नाच सुरू झाला की चित्रपट वेगळ्याच पातळीवर जाई. वॉर्नरकडे बझ्बी बर्कली शंभर मुलींना फुलांच्या आकारात मांडून वरून कॅमेरा लावत होता. अस्टेअरने अट घातली की नर्तक डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसला पाहिजे, आणि मध्ये जमेल तितकी कमी कापाकापी हवी. म्हणजे चूक झाली की पहिल्यापासून. ‘स्विंग टाइम’मधल्या (१९३६) शेवटच्या नाचाचे सत्तेचाळीस टेक झाले आणि रॉजर्सच्या पायांतून रक्त आलं, असं सांगतात. निर्माता पँड्रो बर्मन आणि कलादिग्दर्शक व्हॅन नेस्ट पोल्ग्लेस यांच्या लोकांनी पांढऱ्याशुभ्र, चकचकीत फरशांच्या खोल्या उभारल्या. मंदीने पिचलेल्या माणसाला पंचवीस सेंटात तेवढा वेळ तिथे राहता येई. ‘टॉप हॅट’ (१९३५) ही त्या दशकातली कंपनीची सर्वांत मोठी कमाई ठरली.

हेपबर्नचं नशीब नेमकं उलटं. ‘मॉर्निंग ग्लोरी’साठी (१९३३) ऑस्कर मिळालं, पण पुढे बरेच चित्रपट पडत गेले. १९३८ मध्ये थिएटरमालकांच्या एका संघटनेने जाहिरात देऊन तिला ‘तिकीटबारीवरचं विष’ ठरवलं. त्याच साली आलेला ‘ब्रिंगिंग अप बेबी’ही पडला. बिबट्या, डायनोसॉरचं हाड आणि बावळट शास्त्रज्ञ यांची ती धमाल आज कुणीही हसत पाहतं. तेव्हा मात्र तिने करारातून सुटका करून घेऊन आरकेओ सोडली.

मुंबईशी या कंपनीची गाठ पडली ती १९३९ च्या ‘गंगा दीन’मुळे, आणि ती चांगल्या कारणाने नाही. किप्लिंगच्या कवितेवर बेतलेला हा तोवरचा आरकेओचा सर्वांत खर्चिक चित्रपट. सुमारे एकोणीस लाख डॉलर. खैबर खिंडीचा परिसर म्हणून कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळचे खडक उभे केले, पखालवाला गंगा दीन झाला न्यूयॉर्कचा सॅम जॅफी, आणि कालीभक्त ठग म्हणजे जणू सगळा हिंदुस्थान, अशी मांडणी झाली. इंग्रज सैन्यासाठी प्राण देणारा हिंदी माणूस तेवढा चांगला. मुंबईहून ‘फिल्म इंडिया’ मासिक चालवणारे बाबूराव पटेल असल्या चित्रपटांविरुद्ध आधीपासूनच तोफ डागत होते. त्यांच्याच मासिकात ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘गंगा दीन’ची सालटी काढली. इथे त्यावर बंदीही आली. अमेरिकेत मात्र चित्रपट भरपूर चालला, आणि चित्रपट म्हणून जॉर्ज स्टीव्हन्सचं दिग्दर्शन चपळ आहे हे नाकारता येत नाही. ते पाहताना राग येतो आणि खुर्चीही सोडवत नाही, हीच त्यातली अडचण. त्यातली ठगांची गुहा १९८४ च्या ‘इंडियाना जोन्स’मध्ये अमरीश पुरींसह परत आली.

१९३८ मध्ये अध्यक्ष झालेल्या जॉर्ज शेफरला कंपनीची पत वाढवायची होती. त्याने १९३९ च्या उन्हाळ्यात चोवीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सशी करार केला. आदल्या ऑक्टोबरात रेडिओवरून मंगळवासीयांच्या स्वारीचं नाटक सादर करून वेल्सने अमेरिकेत खळबळ उडवली होती. चित्रपटाचा अनुभव शून्य. तरीही करारात अशी मोकळीक दिली की पटकथा मान्य आणि खर्च ठरलेल्या मर्यादेत असला, तर चित्रपट कसा करायचा आणि कसा कापायचा हे तोच ठरवणार. मुरलेल्या दिग्दर्शकांनाही हा हक्क मिळत नसे, त्यामुळे हॉलिवूडचा जळफळाट झाला.

‘सिटिझन केन’बद्दल इतकं लिहिलं गेलंय की त्याच्या कलागुणांची उजळणी इथे नको. स्टुडिओच्या बाजूने पाहिलं तर वेगळंच काही दिसतं. वेल्सने साहेबांचा ससेमिरा टाळायला सुरुवातीचं चित्रीकरण ‘कॅमेऱ्याच्या चाचण्या’ या नावाखाली उरकलं. कॅमेरामन ग्रेग टोलंड नवख्याबरोबर काम करायला मिळावं म्हणून आपण होऊन आला; नवख्याला काय जमत नाही हे ठाऊक नसतं, हे त्याचं म्हणणं. दृश्यांचा मोठा भाग मात्र कॅमेऱ्यात नाही, तर लिनवूड डनच्या ऑप्टिकल प्रिंटरवर घडला. हे यंत्र वेगवेगळ्या फिल्मवरची चित्रं एका चौकटीत जोडतं. ‘किंग काँग’च्या वेळेपासून आरकेओच्या या विभागाचा हात त्यात बसलेला होता. केनचा तो अफाट महाल बराचसा रंगवलेली चित्रं, काळं मखमली कापड आणि डनची जोडणी यांतून उभा राहिला. म्हणजे प्रतिभा बाहेरून आली, पण हत्यारं घरची होती. वेल्सवरच्या पुस्तकांत ही बाजू फारशी येत नाही.

केनच्या पात्रात वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टला स्वतःचा चेहरा दिसला. त्याच्या पत्रांनी आरकेओच्या सगळ्याच चित्रपटांवर बहिष्कार टाकला. निगेटिव्ह जाळून टाका, आम्ही आठ लाख डॉलर देतो, असा प्रस्ताव मेयरच्या बाजूने शेफरकडे आला. खर्च भरून निघाला असता, भांडणही मिटलं असतं. शेफरने नकार दिला. थिएटरवाले बिचकत होते. म्युझिक हॉलनेही दार लावलं. अखेर १ मे १९४१ रोजी चित्रपट कंपनीच्या स्वतःच्या पॅलेस थिएटरात लागला. परीक्षणं उत्तम आली. कंपनीला दीड लाखाच्या आसपास खोट बसली.

मग आलं ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’. चित्रीकरण संपवून वेल्स सरकारी मैत्री-मोहिमेतला माहितीपट करायला ब्राझीलला गेला आणि इकडे १७ मार्च १९४२ रोजी पोमोना गावात चाचणी-खेळ झाला. युद्धात नुकत्याच उतरलेल्या देशातली तरुण पोरं उतरत्या घराण्याची ती संथ गोष्ट पाहून हसली. कंपनी घाबरली. या वेळच्या करारात शेवटच्या कापणीचा हक्क नव्हता. चाळीसहून अधिक मिनिटं कापली गेली, शेवट नव्याने चित्रित करून जोडला, आणि ८८ मिनिटांचं उरलेलं एका फुटकळ विनोदी चित्रपटाच्या जोडीला लावून टाकलं. कापलेल्या भागाचं निगेटिव्ह पुढे नष्ट केलं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये शेफर गेला; निर्मिती आता चार्ल्स कर्नरच्या हातात होती. ‘प्रतिभेऐवजी करमणूक’ अशा अर्थाचं नवं ब्रीद जाहीर झालं आणि वेल्सच्या माणसांना आवारातून बाहेर काढलं.

गंमत अशी की या करमणुकीच्या काळातच आरकेओचं माझ्या मते सर्वांत मोलाचं काम झालं. युनिव्हर्सलचे भयपट जोरात चालत होते; कर्नरने स्वस्तात तसलं काही काढण्यासाठी व्हॅल ल्यूटन या माणसाला नेमलं. याल्टात जन्मलेला, सेल्झनिककडे कथाविभाग सांभाळलेला, वाचनवेडा गृहस्थ. अटी अशा: खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी सव्वा तासाच्या आत, आणि नाव आम्ही देऊ. पहिलं नाव आलं ‘कॅट पीपल’. नाव ऐकून ल्यूटन खचला म्हणतात. पण अटींत एक गोष्ट नव्हती: नावाखाली काय दाखवायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

राक्षसाचा मुखवटा बनवायला पैसे नव्हते, तेव्हा राक्षस दाखवायचाच नाही, असं ल्यूटन आणि दिग्दर्शक झाक टूर्नर यांनी ठरवलं. रात्री उद्यानाच्या भिंतीकडेने एक मुलगी चालली आहे. मागून टाचांचा आवाज. मग तो आवाज बंद होतो. ती थबकते, मागे पाहते, चाल वाढवते. आणि अचानक अंगावर फिस्कारल्यासारखा आवाज येतो. ती बस असते, दारं उघडणारी साधी बस. थिएटरात लोक किंचाळले. हा क्षण रचला संकलक मार्क रॉब्सनने. वेल्सच्या चित्रपटांच्या संकलनात हात होता म्हणून त्याची रवानगी शिक्षा दिल्यासारखी या स्वस्त विभागात झाली होती. भयपट करणारे आजही या युक्तीला ‘ल्यूटनची बस’ म्हणतात. नायिकेच्या घरातला भव्य जिनाही ‘अँबरसन्स’च्या सेटवरचा. युद्धामुळे नव्या सेटच्या सामानावर सरकारने चित्रपटामागे पाच हजार डॉलरची मर्यादा घातली होती, त्यामुळे जुनं उचलून अंधारात झाकणं हा सगळ्यांचाच रिवाज झाला होता. ल्यूटनने १९४६ पर्यंत असे नऊ भयपट दिले. ‘आय वॉक्ड विथ अ झाँबी’ या भडक नावाखाली ‘जेन एअर’ची छाया असलेली एक उदास, सुंदर गोष्ट दडली आहे. रॉब्सन आणि ‘केन’चा संकलक रॉबर्ट वाइझ या दोघांनाही पहिलं दिग्दर्शन त्यानेच दिलं, वाइझने पुढे ‘द साउंड ऑफ म्युझिक’ केला.

‘कॅट पीपल’चा कॅमेरामन निकोलस मुसुराका याचा तोच काळोख गुन्हेपटांत गेला. ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) पाहिला की खर्चात केलेली कपात आणि शैली यांतली सीमा सांगता येत नाही. त्याच वर्षीचा ‘क्रॉसफायर’ ज्यूद्वेषावर बोट ठेवणारा. थोड्या पैशात, थोड्या दिवसांत झालेला. नोव्हेंबरमध्ये निर्माता एड्रियन स्कॉट आणि दिग्दर्शक एडवर्ड दमित्रिक यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे आपलं राजकारण उघड करायला नकार दिला म्हणून आरकेओने त्यांना काढून टाकलं. काही आठवड्यांनी चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळालं. इतरांचे चित्रपट वितरित करून येणारा पैसाही मोठा होता. ‘स्नो व्हाइट’पासून डिस्नेचे चित्रपट, गोल्डविनचा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’, फ्रँक काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हे सगळे आरकेओच्या मनोऱ्याखालीच लोकांपुढे आले.

आणि मग आरकेओला खराखुरा धनी मिळाला. मे १९४८ मध्ये विमानवेडा कोट्यधीश हॉवर्ड ह्यूजने सुमारे ८८ लाख डॉलर देऊन सत्ता घेतली. नव्या मालकाने काही आठवड्यांतच बहुसंख्य नोकरांना घरी पाठवलं आणि उरलेल्यांपैकी कोण कम्युनिस्ट आहे याची चौकशी मांडली. निर्मितीप्रमुख डोर शारी ‘बॅटलग्राउंड’ हा युद्धपट करणार होता. ह्यूजने तो थांबवला. शारी राजीनामा देऊन पटकथेसह एमजीएमला गेला आणि तिथे तो तुफान चालला.

ह्यूज स्टुडिओत जवळजवळ येतच नसे. गोल्डविनच्या आवारातल्या कचेरीत बसून तो चिठ्ठ्या पाठवी. जेन रसेलने कुठली काचोळी घालावी यावर पानभर सूचना. ती चिठ्ठी आजही छापली जाते. ‘हिज काइंड ऑफ वुमन’ पूर्ण झाल्यावर खलनायकाचा नट बदलून शेवटचा मोठा भाग त्याने पुन्हा करवून घेतला. ‘जेट पायलट’ची कथा तर ऐकण्यासारखी. चित्रीकरण १९४९ मध्ये सुरू झालं, मनासारखे ढग येईपर्यंत विमानं थांबवून ठेवली गेली, मग वर्षानुवर्षं संकलन चाललं. १९५७ मध्ये तो प्रदर्शित झाला तोवर त्यातली अत्याधुनिक जेट विमानं जुनाट झाली होती. तो प्रदर्शितही दुसऱ्याच कंपनीने केला.

धंद्याचं आणखी एक मोठं नुकसान त्याने स्वहस्ते केलं. १९४८ च्या मे महिन्यातच सर्वोच्च न्यायालयाने बड्या स्टुडिओंची मक्तेदारी बेकायदा ठरवली होती. बाकीचे स्टुडिओ झुंजण्याच्या तयारीत असताना ह्यूजने नोव्हेंबरमध्येच तडजोड करून थिएटरं वेगळी काढायचं मान्य केलं. हक्काची थिएटरं गेली की पडेल चित्रपटाला आधार उरत नाही. ‘केन’ पॅलेसमध्ये लागू शकला होता, कारण पॅलेस घरचं होतं. १९५२ मध्ये ह्यूजने कंपनी शिकागोच्या एका टोळक्याला विकली. त्यांचे गुन्हेगारी जगाशी असलेले लागेबांधे वॉल स्ट्रीट जर्नलने छापले, सौदा मोडला आणि दहा लाख डॉलरहून मोठी इसाऱ्याची रक्कम ह्यूजलाच राहिली. चित्रपटांपेक्षा या सौद्यात त्याने जास्त कमावलं असावं. भागधारक कोर्टात गेले तेव्हा त्याने १९५४ मध्ये सगळ्यांचे शेअर विकत घेण्यासाठी सुमारे दोन कोटी पस्तीस लाख डॉलर मोजले, आणि जुलै १९५५ मध्ये अख्खी कंपनी जनरल टायर या टायर कंपनीला अडीच कोटींना विकून टाकली.

टायरवाल्यांना हवे होते जुने चित्रपट, कारण त्यांच्याकडे दूरदर्शनची केंद्रं होती. १९५५ संपता संपता त्यांनी ७४० चित्रपटांचे प्रसारणहक्क सी अँड सी या कंपनीला दीड कोटी डॉलरला दिले. ती मूळची डबाबंद सरबतं विकणारी. बडे स्टुडिओ तोवर टीव्हीला शत्रू मानून आपले चित्रपट देत नव्हते. हा बांध फुटल्यावर एकेक करून सगळेच विकायला निघाले. न्यूयॉर्कच्या वाहिनीवर ‘मिलियन डॉलर मूव्ही’ या कार्यक्रमात एकच चित्रपट आठवडाभर पुन्हा पुन्हा दाखवत. थिएटरात पडलेला ‘केन’ अमेरिकेतल्या एका नव्या पिढीने असा घरात पाहिला. १९६२ मध्ये ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षकांनी त्याला जगातला सर्वोत्तम चित्रपट ठरवलं, आणि पन्नास वर्षं तो त्या जागी राहिला.

जानेवारी १९५७ मध्ये आरकेओचं हॉलिवूडमधलं काम थांबलं. वर्षअखेरीस दोन्ही आवारं लुसिल बॉल आणि डेझी आर्नाझ या टीव्हीवरच्या जोडप्याच्या डेझिलू कंपनीने एकसष्ट लाख डॉलरच्या आसपास देऊन घेतली. १९३० च्या दशकात लुसिल याच स्टुडिओत किरकोळ भूमिका करणारी पगारी नटी होती, आणि या दोघांची भेट झाली ती १९४० च्या ‘टू मेनी गर्ल्स’ या आरकेओच्याच चित्रपटावर. पुढे त्या आवारांत ‘स्टार ट्रेक’ चित्रित झालं. १९६७ मध्ये गॉवर रस्त्यावरचं आवार शेजारच्या पॅरामाउंटमध्ये मिसळलं. कोपऱ्यातला पृथ्वीचा गोल अजून तिथेच आहे, मनोरा नाही.

चित्रपटांचे हक्क या हातातून त्या हातात फिरत १९८० च्या दशकात टीव्ही वाहिन्यांचा मालक टेड टर्नर याच्याकडे पोचले. कृष्णधवल चित्रपट संगणकाने रंगवून टीव्हीवर दाखवण्याचा त्याने सपाटा लावला होता. १९८९ च्या जानेवारीत ‘सिटिझन केन’ रंगवण्याच्या चाचण्या सुरू झाल्याचं जाहीर झालं. वेल्स तीन वर्षांपूर्वी वारला होता. वकिलांनी शेफरने त्याला १९३९ मध्ये दिलेला करार काढून वाचला. चित्रपटाला त्याच्या संमतीशिवाय हात लावता येईल असं त्यात काहीच सापडलं नाही. पुढच्या महिन्यात टर्नरने तो बेत सोडून दिला.